खुलासा: ‘फ्लोमॅक्स’ सगळीकडे एकच नाही

‘परदेशात गोळ्या संपल्या तर फक्त फ्लोमॅक्स मागा, जगभर तेच औषध मिळतं,’ हा फिरणारा सल्ला चुकीचा आणि धोकादायक आहे. अमेरिकेत फ्लोमॅक्स म्हणजे प्रोस्टेटवाढीवरचं टॅम्सुलोसिन. इटलीत मात्र याच नावानं मॉर्निफ्लुमेट हे सुजेवरचं औषध विकलं गेलं आहे. उलट युरोपातलं ऑम्निक आणि जपानमधलं हार्नाल ही टॅम्सुलोसिनचीच नावं. मात्रेतही फरक आहे: अमेरिका-युरोपात सहसा दिवसाला ०.४ मिलिग्रॅम, जपानमध्ये ०.२. म्हणून चिठ्ठीवर घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही लिहून घ्या. कॅप्सूल चावू किंवा फोडू नका. औषध एकदम रक्तात उतरून रक्तदाब घसरू शकतो, उभं राहताच भोवळ येते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी नेत्रतज्ज्ञांना हे औषध चालू असल्याचं सांगाच, ब्रँड कोणताही असो.