बेंबी कुठे बघतेय?

"तुमची बेंबी कुठे बघतेय?" शिकवणाऱ्या बाई कठड्याबाहेरून ओरडल्या. माझ्या बेंबीची इतकी जाहीर चौकशी आजवर कोणी केली नव्हती.

मी साठ फूट व्यासाच्या रिंगणात मधोमध उभा, घोडं हाताळायला शिकत. हातात लांब चाबूक. मारायचा नाही, नुसता दाखवायचा. भोवती साडेचारशे किलोंची तपकिरी घोडी, पूर्ण मोकळी. ना म्होरकी, ना दोर. रिंगण गोल का, तर चौकोनात घोडं कोपऱ्यात तोंड खुपसून उभं राहतं आणि आपल्या वाट्याला मागचे दोन पाय येतात. गोलात लपायला कोपराच नाही. तिला नाही म्हणजे मलाही नाही, हे आत शिरल्यावर लक्षात आलं.

तसं सगळं सोपं आहे. तिच्या खांद्याच्या मागे राहून, बेंबी तिच्या मागच्या पुठ्ठ्याकडे करून उभं राहिलं की ती पुढे चालते. आपण खांद्याच्या पुढे सरकलो की थांबते, नाहीतर उलटी वळते. आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं, कारण बोलता बोलता पुढे पुढे सरकायची मला जन्मजात खोड. "चल, चल" करत मी तिच्या वाटेत, आणि वर मागून चाबूक हलवतोय. म्हणजे एक पाय ब्रेकवर, दुसरा अ‍ॅक्सिलरेटरवर. ती थबकली, वळली, पुन्हा थबकली.

"तिचं काही चुकत नाहीये," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगताय ते सगळं करतेय बिचारी."

शेवटी बेंबी जागेवर आली आणि घोडी दुडकीने फिरू लागली. वीस फेऱ्यांत तिचं किलोमीटरभर अंतर झालं. माझ्या स्वतःभोवती वीस गिरक्या झाल्या. एकाच बाजूने फिरवून तिच्या सांध्यांना त्रास नको, म्हणून मध्ये दिशा बदलायची. माझ्या डोक्याची सोय कोणी बघितली नव्हती. फाटकापाशी आली की ती दरवेळी जरा रेंगाळायची. मला वाटलं, दमली असेल.

"आता आतला कान बघा."

बघितला. बाहेरचा कान मागेपुढे भिरभिरत होता, पण आतला माझ्याकडे वळून तिथेच थांबला होता. कडेचे बारीक केस वाऱ्याने हलत होते, कान हलत नव्हता. मी एक अक्षर बोलत नव्हतो आणि तो ऐकत होता. खरं सांगतो, दोन क्षण चक्कर विसरलो.

"आता मान खाली घालेल, जीभ फिरवेल. ताण उतरल्याची खूण ती." पंधराव्या मिनिटाला रिंगणात एकच प्राणी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत होता, आणि त्याला पाय दोनच होते.

पण थोड्या वेळाने तिनेही फिरवली. थांबली, माझ्याकडे वळली. आता खांदे सैल सोडायचे आणि तिच्याकडे पाठ करून चालू लागायचं. दडपण काढून घेणं हेच तिचं बक्षीस. साडेचारशे किलोंकडे पाठ करायला काय लागतं, ते केल्याशिवाय कळायचं नाही. केली. चाललो. मागे वाळूत टापा. मानेवर गरम श्वास. मी थांबलो की ती थांबे, चाललो की चाले. छाती अशी फुगली की बेंबी कुठे बघतेय याचं भानच राहिलं नाही.

असे आम्ही फाटकापर्यंत आलो. बाईंनी कडी काढली. घोडी मला हलकेच खांद्याने बाजूला सारून, मागे वळूनही न बघता बाहेर गेली, आणि बाईंनी सवयीने फाटक लावून घेतलं.