वेडी बाभूळ, मेंढरं आणि माळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माळाच्या गवतात पसरणाऱ्या वेड्या बाभळीबद्दल, म्हणजे बाहेरदेशातून आलेल्या त्या काटेरी झाडाबद्दल, मी एक लेख लिहिला होता. त्यावर ‘माळावर आपोआप झाडं उगवतायत, तर तुमच्या पोटात का दुखतं? आणि वेड्या बाभळीचं खापर धनगरांच्या मेंढरांवर का फोडता?’ असं तुम्ही विचारलंय.

मेंढरांबद्दल चूक माझीच. ‘जनावरांमुळे बी पसरतं’ असं मी सरसकट लिहून गेलो. शेळ्यामेंढ्या शेंगा बारीक चावतात, त्यात बरंचसं बी भरडलं जातं. गाईगुरांच्या पोटातून ते जास्त सुखरूप बाहेर पडतं. परवा माळावर गाईच्या शेणाचा वाळलेला एक पो काठीनं फोडला, तर आत बियाच बिया. कवच पोटात झिजलेलं, भोवती खत. आणखी काय हवं!

पण बी पडलं म्हणजे झाड झालं, असं नाही. दाट कुसळी गवतात आलेला कोंब बहुतेकदा तिथेच वाळतो, कारण वरच्या वीतभर मातीतली ओल गवताच्या मुळ्या आधी ओढून घेतात. पहिले एक-दोन पावसाळे निभावून सोटमूळ खाली मुरमात पोचलं, की मग गवत त्याचं काही वाकडं करू शकत नाही. तेव्हा खरा प्रश्न गवत कोण विरळ करतं हा. अतिचराई करते, नाही म्हणत नाही. पण वृक्षलागवडीसाठी जेसीबीनं मारलेले चरही करतात. चरात पाणी साचतं, माती भुसभुशीत, गवत उपटलेलं. बाभळीला आयता वाफा. आमच्याकडच्या एका माळावर लावलेली रोपं कधीच वाळली, चराच्या कडेनं बाभळी मात्र ओळीत उभ्या आहेत.

आता ‘आपोआप’बद्दल. कच्छमधल्या बन्नी या गवताळ प्रदेशात १९६१च्या सुमारास, रणाचा खार पुढे सरकू नये म्हणून, वनखात्यानं सुमारे ३१ हजार हेक्टरांवर हीच बाभूळ मुद्दाम लावली. पुढे ती चराऊ गवतात घुसली. तिथले मालधारी, म्हणजे गुरं पाळणारे लोक, तिला ‘गांडो बावळ’ म्हणतात. अर्थ तोच, वेडी.

सरपण मिळतं हा तुमचा मुद्दा बरोबर आहे, खुशाल तोडा. फक्त बुंधा ठेवून तोडलीत तर दुप्पट धुमारे फुटतात; जमिनीखालचा गड्डा खणून काढावा लागतो. पावसाळ्यात ओल असताना बोटभर रोपं हातानं उपटणं सगळ्यात स्वस्त. हिवर, बोरी मात्र राहू द्या, त्या माळाच्याच आहेत.

मेंढरांचं ते वाक्य मूळ लेखात आज दुरुस्त करतो.