हळू चाललं की शक्ती वाचते? मीटर वेगळंच सांगतो

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ठिकाणांहून आला. सोसायटीचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, आणि नौपाड्यातल्या ज्या लकवा झालेल्या काकांना मी फिजिओथेरपी द्यायला जाते त्यांच्या घरून, काकूंकडून. मजकूर थोडक्यात असा: ‘लकवा झालेल्याने हळूहळूच चालावं, शक्ती वाचते. पाय बाहेरून फिरवत टाकायची खोड लगेच मोडावी. स्प्लिंट (पावलाला लावायचा आधार) लावू नये, पाय आळशी होतो. तीन महिन्यांत आलं ते आलं, पुढे काही येत नाही. रोज 10,000 पावलं झालीच पाहिजेत.’ खाली जोडलेले हात. काकूंनी तो वाचून काकांची तलावपाळीची फेरी रांगत्या चालीवर आणली, म्हणून हे लिहायला बसले.

सगळ्यात पटणारा मुद्दा पहिला, आणि चुकलाय तोच जास्त. गोखले रोडच्या गर्दीत रिक्षा अडकली की मीटर काय करतो हे ठाणेकरांना सांगायला नको. शरीराचंही वेटिंग असतं. नुसतं जिवंत राहायला दर किलो वजनामागे तासाला साधारण 1 किलोकॅलरी लागते. 60 किलोचा माणूस तासाला 5 किलोमीटरने चालला तर एका किलोमीटरला 12 मिनिटं, म्हणजे वेटिंगच्या 12 किलोकॅलरी. 2 किलोमीटरच्या वेगाने गेला तर अर्धा तास, म्हणजे 30. पावलं टाकायचा खर्च वेगळा.

तो खर्चही फार हळू चालीत वाढतो. चालणं म्हणजे उलटा लंबक. टेकलेला पाय हा दांडा, धड हे वरचं वजन. धड पायावर चढताना वेग घटतो, पलीकडे उतरताना तीच उंची वेग होऊन परत मिळते. नेहमीच्या चालीत या देवघेवीतून 60 टक्क्यांच्या वर यांत्रिक ऊर्जा परत मिळते. रेंगाळत चाललं की लंबक नीट झुलतच नाही. म्हणून धडधाकट माणसाला अंतराच्या हिशोबाने सगळ्यात स्वस्त पडतो तो तासाला साडेचार-पाच किलोमीटरचा वेग, आणि कोणी न शिकवता आपण साधारण त्याच वेगाने चालतो.

लकव्यानंतर तेच अंतर कापायला दुप्पट ऊर्जाही लागू शकते, कधी त्याहून जास्त. पण अशा हळू चालणाऱ्यांपैकी अनेकांना, पडणार नाहीत इतपत वेग वाढवला की मिनिटाचा खर्च वाढतो आणि दर मीटर अंतरामागचा खर्च उतरतो. धाप जास्त लागते, त्यामुळे मेसेज खरा वाटतो. सोसायटीचं गेट मात्र कमी खर्चात गाठलं जातं. हे धावण्याबद्दल नाही, आणि बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. दुबळ्या बाजूला माणूस हवाच.

आता ‘खोड’. या शब्दाचा मला खरंच राग येतो. पाऊल पुढे नेताना गुडघा दुमडत नाही, चवडा वर उचलला जात नाही, म्हणजे पाय जणू जमिनीला लांब पडतो. मग तो अर्धवर्तुळात फिरवून आणणं ही बोट फरशीला अडकू नये म्हणून शरीराने काढलेली वाट आहे. मूळ दुखणं बहुतेकदा आधीच्या क्षणात असतं. पुढची टाच टेकण्याच्या जरा आधी मागच्या पायाची पोटरी जमिनीला रेटा देते. हा रेटा वेळेवर मिळाला तर पुढच्या पायावरचा आदळ सौम्य होतो. दुबळ्या पोटरीला तो जमत नाही, मग ते काम चांगला पाय आणि कंबर करतात, आणि ते महाग पडतं. ‘सरळ टाका हो पाय’ असं मागून ओरडून पोटरीत जोर येत नाही. पावलं जबरदस्तीने सारखी करून घेतली म्हणजे खर्च उतरतोच, असंही नाही.

स्प्लिंटचं त्याच ओघात. चवडा लोंबत असेल तर नीट मापाचा स्प्लिंट तो उचलून धरतो, बोट अडकत नाही, आणि बऱ्याच जणांचा चालायचा खर्च थोडा कमी होतो. चष्म्याने कोणाचे डोळे आळशी झालेत?

तीन महिन्यांचं अर्धसत्य आहे. सुधारणा सुरुवातीला झपाट्याने होते, हे खरं. पण अमेरिकेत 408 रुग्णांवर झालेली एक मोठी चाचणी 2011 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ट्रेडमिलवरचे चालण्याचे धडे काहींना दोन महिन्यांनी दिले, काहींना सहा महिन्यांनी. वर्षअखेर दोघांची प्रगती जवळपास सारखी होती. तिसऱ्या गटाला घरी फिजिओने व्यायाम दिले, तोही मागे नव्हता. महागड्या मशीनसाठी कर्ज काढायला निघालेल्यांनी हे जरूर वाचावं.

10,000 पावलं? हा आकडा 1965 च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. लकव्याशी त्याचा काही संबंध नाही.

मोजायचंच असेल तर सोसायटीच्या पॅसेजमध्ये खडूने 10 मीटर आखा, दोन्ही टोकांना थोडी जागा सोडून. साडेबारा सेकंदांच्या आत गेलात तर बाहेर मोकळेपणाने फिरण्याइतका वेग आहे, असं आमच्याकडे धरतात. 25 सेकंदांच्या वर गेलं तर सध्या घरातल्या घरात. काकांना बुधवारी 19 लागले, काकू मोबाईलवर वेळ लावून उभ्या होत्या. शनिवारी पुन्हा मोजणार आहोत, स्प्लिंट घालून.