गुरुजी, शेवटून दुसरा आलेलाही मोजला जातो

गुरुजी, नमस्कार.

हवाई शर्यतींचे व्हिडिओ गेम घरच्यांनी मिळून खेळावेत असं मागच्या लेखात मी लिहिलं, त्यावर निपाणीहून आपण चांगलंच खडसावलंत. शर्यत म्हटली की जिंकणारा एकच, तिथे सहकार्य म्हणजे मुलांची फसवणूक. कच्चा खेळाडू पक्क्याच्या जिवावर पुढे सरकतो. आणि आभाळाची एवढी हौस असेल तर पोरांच्या हातात पतंग द्या, टीव्ही कशाला?

पतंगावरच बोलू. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या माळावर पतंग चढतो तेव्हा फिरकी कुणाच्या हातात असते? बहुतेक वेळा धाकट्या भावाच्या. ढील द्यायची वेळ त्याने चुकवली की थोरल्याचा पतंग गेलाच. आणि समोरचा पतंग काटला की आरोळी दोघेही ठोकतात. धाकट्याला फसवलं असं आपण तेव्हा म्हणत नाही.

कच्च्या-पक्क्याचा मुद्दा वजनदार आहे, पण त्याचं उत्तर खेळाची रचना कशी आहे यावर ठरतं. २०१९ चा 'टीम सॉनिक रेसिंग' घ्या. त्यात विमानं नाहीत, गाड्याच आहेत, पण सहकार्याचा इतका नेटका हिशोब मला दुसऱ्या कुठल्या शर्यतीत दिसला नाही. तिघांचा संघ, आणि प्रत्येकाच्या क्रमांकाचे गुण बेरजेत धरले जातात. थोरला पहिला आला आणि बाकीचे दोघे तळाशी रखडले, तर मधल्या क्रमांकांवर एकत्र पोचलेला संघ त्यांना मागे टाकू शकतो. मग थोरल्याला मागे लक्ष ठेवावंच लागतं. संघात पुढे असलेल्याच्या गाडीमागे पिवळा पट्टा उमटतो. मागच्याने त्यावर गाडी ठेवली की त्याला वेग मिळतो. साथीदार आपटून थांबला असेल तर त्याच्या अगदी जवळून जायचं, म्हणजे तो पुन्हा जोरात सुटतो. वाटेत हाती आलेली वस्तू, म्हणजे वेग वाढवणारी किंवा इतरांना अडवणारी, नको असेल तर साथीदाराकडे पाठवता येते. यात कच्च्याला फुकट काय मिळालं? पट्टा तर त्यालाच धरायचा असतो!

आता खरं आभाळ. २०१२ च्या 'सॉनिक अँड ऑल-स्टार्स रेसिंग ट्रान्सफॉर्म्ड'मध्ये एकाच शर्यतीत गाडीची होडी होते आणि विमानही होतं. काही ठिकाणी पुढच्या फेरीत रस्ताच कोसळलेला असतो, मग उडण्यावाचून गत्यंतर नाही. त्याच्याही आधी, १९९७ मध्ये, निंटेंडो ६४ या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर 'डिडी काँग रेसिंग' आला. त्यातही गाडी, हॉवरक्राफ्ट (पाण्यावर आणि जमिनीवर हवेच्या गादीवर तरंगत जाणारं वाहन) आणि विमान. 'जॉइंटव्हेंचर' हा परवलीचा शब्द टाकला की एकट्याची मोहीम दोघांना मिळून खेळता येते. चोरवाटेने का होईना, सोय ठेवली होती.

हवेत नवख्याचा एक फायदा असतो. अरुंद रस्त्यावर तो आडवा आला की मागचे खेकसतात. हवेत त्याच्या वरून नाहीतर खालून निघून जाता येतं. आमच्याकडे वडगावात 'टीम सॉनिक' खेळताना भाचा आणि शेजारची कन्नड बोलणारी मुलगी एका संघात असतात. अर्धा आरडाओरडा मराठीत, अर्धा कन्नडमध्ये, आणि वस्तू बरोबर वेळेवर पोचते. (सीमाप्रश्न इथे काढू नका, त्याला आपल्याकडे चौक पुष्कळ आहेत.)

खरी पंचाईत मोठ्यांची होते. सांब्र्याहून सुटणाऱ्या विमानाचा वैमानिक कंट्रोल मागे ओढतो तेव्हा नाक वर जातं. काही गेमही तसेच चालतात. आईला मात्र वर जायचं तर हातातल्या कंट्रोलरची कांडी पुढेच ढकलावीशी वाटते, आणि तिचं विमान समुद्रात जातं. बऱ्याच गेममध्ये हे सेटिंगमधून उलटं करता येतं. ते न करताच 'म्हाताऱ्यांना जमत नाही' म्हणणारे तरुण माझ्या डोक्यात जातात.

एवढं सुनावून झाल्यावर नातवंडांसाठी कोणता गेम घ्यावा, हेही आपण विचारलंतच. दोघांसाठी 'ट्रान्सफॉर्म्ड' चांगला. चौघे बसलात तर प्रत्येकाच्या वाट्याला पाव पडदा येतो आणि लांबचं वळण नीट दिसत नाही, तेव्हा आळीपाळीने खेळा. आपण स्वतः बसणार असाल तर 'टीम सॉनिक' घ्या, म्हणजे वर-खालीची भानगडच नाही. पहिले काही दिवस नातवाला पुढे राहू द्या आणि आपण त्याचा पिवळा पट्टा धरा.