सहाव्या महिन्यात मांजराची माया आटत नाही

गोव्यातल्या घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश फिरतोय: ‘मांजर सहा महिन्यांचं झालं की माणसाला विसरतं.’ खाली उपाय दिलेत. मानगुटीला धरून उचला आणि मालक कोण ते दाखवा. चावलं तर तोंडावर पाणी मारा. कोपऱ्यात मुतलं तर तिथे डांबरगोळ्या ठेवा. मांजरीचं एक वेत होऊ द्या, माया परत येते. एवढं करून सुधारलं नाही तर मासळी बाजारात सोडा, तिथे त्याला काही कमी पडत नाही. माझ्या नणंदेकडे सात महिन्यांची मांजरी आहे आणि घरात दोन लहान मुलं. हा संदेश तिला तिसऱ्यांदा आला तेव्हा तिने विचारलं, ‘धरून बघू का गो वैनी?’ म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

मुळात ‘विसरतं’ हेच खोटं. अमेरिकेतल्या ऑरेगन स्टेट विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते आठ महिन्यांच्या पिल्लांचं माणसाशी असलेलं नातंच तपासलं. तो अभ्यास २०१९ साली ‘करंट बायॉलॉजी’त छापून आला. चाचणी साधी आहे. अनोळखी खोलीत मांजर दोन मिनिटं आपल्या माणसाबरोबर, दोन मिनिटं एकटं, मग माणूस परत येतो आणि पुन्हा दोन मिनिटं. ज्या ७० पिल्लांचं वागणं स्पष्ट ठरवता आलं, त्यांतल्या ६४.३ टक्के पिल्लांचं नातं सुरक्षित निघालं. वर्षावरच्या ३८ मांजरांत तोच आकडा ६५.८. सहाव्या महिन्यात माया आटत असती तर मोठ्या मांजरांचा आकडा खाली यायला हवा होता.

सुरक्षित नातं ओळखायचं कसं, तेही त्याच अभ्यासात आहे. माणूस परत आला, मांजर त्याला भेटलं आणि मग निवांतपणे पुन्हा खोली हुंगायला लागलं, की नातं सुरक्षित. माणसाला चिकटून हलायलाच तयार नाही, किंवा त्याला टाळतंय, तर असुरक्षित. आता संदेशातलं ‘माया गेल्याचं लक्षण’ वाचा: ‘दारात येतं, पायाला अंग घासतं आणि लगेच निघून जातं.’ अहो, हीच तर विश्वासाची खूण!

मांजर बदलतं, एवढं मान्य करावं लागेल. साधारण पाचव्या ते दहाव्या महिन्यात ते अंगाने वाढतं, लांब उड्या मारतं, मांडीवर कमी बसतं. आणि दोन ते सात आठवड्यांच्या वयात ज्या पिल्लाला माणसाचा हातच लागला नाही, त्याला लळा लावायला पुढे जास्त कष्ट पडतात, हेही खरं. आपल्याकडे त्यात ऋतूची भर पडते. मार्च-एप्रिलमध्ये जन्मलेलं पिल्लू ऐन पावसात मोठं होतं. भाटात, म्हणजे माडांच्या बागेत हुंदडायचं, माडावर चढायचं, ते सगळं बंद. मग आली गणपतीची चवथ: घरभर पाहुणे, दारूकामाचे आवाज, गणपतीच्या वर लोंबणारी फळाफुलांची माटोळी. त्या माटोळीवर झेप घेतली म्हणून मांजर ‘बिघडलं’ ठरवायचं? हलणाऱ्या वस्तूवर झेप घेणं हा त्याचा पिंड आहे. त्या दिवसांत त्याला आतल्या खोलीत जागा द्या: पाणी, मुतायला वाळूचं घमेलं, आडवी ठेवलेली एखादी पेटी, आणि मुलांना तिथे मज्जाव.

आता ते मानगुटीचं. पूर्ण संदेशात सर्वांत घातक उपाय हाच, कारण तो ‘काम करतो’ असं वाटतं. मांजरी पिल्लांना मानेला धरून नेते ती पहिल्या काही आठवड्यांत, पिल्लू काही शे ग्रॅमचं असताना. तेव्हा ते आपोआप अंग सैल सोडतं. सहा महिन्यांचं मांजर अडीच-तीन किलोंचं असतं. ते सगळं वजन मानेच्या कातडीवर लटकवलं की त्याला दुखतं आणि हलताही येत नाही. ते गप्प होतं ते भीतीने थिजल्यामुळे: कान मागे चपटे, बाहुल्या मोठ्या, शेपूट पोटाखाली. मांजरांच्या पशुवैद्यकांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०११ साली हाताळणीची मार्गदर्शिका काढली, तीतही मानगुटीला धरून उचलू नये असंच सांगितलंय. ‘मालक कोण’ हा धडा मांजर शिकत नाही. ते शिकतं एवढंच, की हा हात जवळ आला की दुखतं. दुसऱ्या दिवशी तोच हात गोंजारायला पुढे येतो तेव्हा ते पळतं, आणि कोंडलं गेलं तर चावतं. मग संदेश पाठवणारे म्हणतात, बघा, माया गेली.

उचलायचंच असेल तर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, अंग आपल्या अंगाला टेकलेलं. ते वळवळायच्या आधीच खाली ठेवा. मुलांनी उचलू नये. जमिनीवर बसावं आणि मांजराला येऊ द्यावं. गोंजारायची जागा गाल, हनुवटी, कानांच्या मागे. पोट आणि शेपटीचं बूड बहुतेकांना खपत नाही. तीन-चार सेकंद गोंजारा, हात काढा, थांबा. डोकं पुढे केलं तर पुन्हा. शेपूट आपटायला लागली, पाठीची कातडी थरथरली, कान बाजूला वळले, की तिथेच थांबायचं. चावा ‘अचानक’ येत नाही. या खुणा आधी दिसतात. तरीही चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. मांजराचे दात बारीक आणि खोल जातात, वरून जखम लहान दिसली तरी आत पू होतो. आणि मांजराला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस द्यायची, ती राहिली असेल तर याच आठवड्यात.

पाणी मारण्याचंही तेच: मांजर पाण्याचा संबंध चावण्याशी नाही, तुमच्याशी जोडतं. लहानपणी बोटांशी खेळवलेलं मांजर मोठेपणी बोटांनाच सावज समजतं. माडाच्या दोन-तीन लांब हिरांची जुडी करा, टोकाला कापडाची पट्टी बांधा. पट्टी मांजराच्या तोंडावर नाचवू नका, त्याच्यापासून दूर पळवा, खुर्चीच्या पायाआड लपवा, शेवटी धरू द्या आणि लगेच जेवण घाला. सकाळी आणि तिन्हीसांजेला दहा-दहा मिनिटं, कारण मांजराच्या अंगात तेव्हाच जास्त जोर असतो. खेळ संपला की पट्टी कपाटात. पट्टीचा दोरा गिळला तर आतडं कापतं.

डांबरगोळ्या विष आहेत. त्यांतलं नॅफ्थॅलीन मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतं. फिनाईलही तितकंच वाईट. कोपऱ्यात मुतण्याचं कारण बहुधा पाऊस असतो: भाटात जाणारं मांजर ओल्या मातीत जात नाही. घरात पाच-सात सेंटिमीटर कोरडी वाळू घातलेलं घमेलं ठेवा, रोज साफ करा. बोका वारंवार बसतोय आणि थेंबही येत नाही, तर मूत्रमार्ग तुंबलाय. त्याच दिवशी डॉक्टर.

वेताबद्दल फार लिहीत नाही. माजावर आलेली मांजरी लोळते, अंग घासते, ओरडते; ते तुमच्यावरचं प्रेम नव्हे. ती चौथ्या-पाचव्या महिन्यातही गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते आणि पिल्लं अंगावर असतानाच पुन्हा गाभण राहते. चार-पाच महिन्यांत नसबंदी करा. लळा त्याने कमी होत नाही.

मासळी बाजारात सोडणं हा गुन्हा आहे. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमात येतं.

ज्यांनी संदेशातले उपाय आधीच करून पाहिलेत त्यांनी मांजराचा विश्वास परत मिळवायला रोज ठरलेल्या वेळी जमिनीवर, मांजराकडे तिरपं बसावं, टक लावू नये. उकडलेल्या बांगड्याचा काटे काढलेला, बिनमिठाचा तुकडा हातभर अंतरावर ठेवावा. खाऊ लागलं तरी हात पुढे करू नये. दर दोन-तीन दिवसांनी तुकडा वीतभर जवळ आणावा. मागे सरलं तर आधीच्या जागेवर परत. शेजारी येऊन खायला लागलं की एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर धरून थांबावं. गाल घासला तर तीन सेकंद गाल खाजवावा आणि हात मागे घ्यावा. याला दोन आठवडे लागतात, कधी दोन महिने.