फ्यूजला चंदेरी कागद गुंडाळायला सांगणाऱ्यांनो

परवा रात्री भाच्याचा फोन. "मामा, सिगारेटचं रिकामं पाकीट आहे का रे तुझ्याकडे?" मी जन्मात सिगारेट ओढलेली नाही, हे त्याला चांगलं माहीत आहे. खोदून विचारलं तेव्हा कळलं, पाकिटातला चंदेरी कागद तो बाईकच्या हँडलवरच्या जीपीएस युनिटच्या फ्यूजला गुंडाळणार होता. का, तर त्याच्या रायडिंग ग्रुपवर "बाईकचं जीपीएस कधीच दगा देणार नाही : पाच उपाय" असा मेसेज फिरतोय. सकाळी तोच मेसेज घरच्या ग्रुपवर आला आणि त्याखाली ताईचा अंगठा!

आधी तो कागदच घेऊ. मेसेज म्हणतो, "युनिट सारखं बंद पडत असेल तर फ्यूज कमजोर आहे. काढून टाका किंवा चंदेरी कागद गुंडाळा, थेट बॅटरीतून सप्लाय मिळेल." अहो, वेळ आली की जळून जाणं हेच फ्यूजचं काम आहे. तो मुख्यतः वायर वाचवायला असतो. साधा हिशोब करा. युनिटला ५ व्होल्टवर फार तर २ ॲम्पियर, म्हणजे १० वॉट. तेवढे १२ व्होल्टच्या बॅटरीतून घ्यायचे तर चार्जरचा तोटा धरूनही १ ॲम्पियरच्या आसपास लागतो. तरीही २ ॲम्पियरचा फ्यूज उडतोय, म्हणजे करंट भलतीकडे चाललाय. कागद गुंडाळलात की तो तिकडेच बिनबोभाट वाहणार आणि बारीक वायर तापून वितळणार. ही वायर जाते कुठून? पेट्रोलच्या टाकीखालून!

भाच्याला गाडी घेऊन बोलावलं. फ्यूज कधी उडतो विचारलं, तर म्हणाला, "यू-टर्न मारताना." टाकी काढली. कोनसेटपाशी, म्हणजे हँडल जिथे वळतं त्या सांध्यापाशी, वायर केबल टायने इतकी करकचून बांधलेली, की हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं की ती ताणून चेसीला घासायची. इन्सुलेशन सोलून तांब्याच्या चार तारा उघड्या पडलेल्या आणि समोर चेसीच्या रंगावर मुगाएवढा काळा डाग. वायर बदलली, वळणाला ढील ठेवली, वर स्लीव्ह चढवली. बिचारा फ्यूज इतके दिवस हेच ओरडून सांगत होता.

"थेट बॅटरीतून" एवढं मात्र बरोबर, नाइलाजाने मान्य करतो. हेडलाइटच्या वायरला टोचे मारण्यापेक्षा ते केव्हाही बरं. पण टर्मिनलपासून वीतभराच्या आत फ्यूज हवा आणि चावीवर चालणारा रिले, म्हणजे चावी बंद केली की सप्लाय तोडणारा स्विच, हवा. नाहीतर गाडी काही दिवस उभी राहिली की सेल्फ मारायला बॅटरीत जीव उरणार नाही.

दुसरा शोध : "रेंज गेली की जीपीएस बंद, म्हणून दोन सिम ठेवा." जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत, आपलं युनिट फक्त त्यांचं ऐकतं, परत काही पाठवत नाही. ताम्हिणीत मोबाइलची रेंज मेली तरी जागा सापडते. कशेडीच्या बोगद्यात सापडत नाही, कारण वर आकाशच नाही. तिथे चार सिम घातलीत तरी तेच. फोनवर डेटा असेल तर पहिली जागा लवकर मिळते, आणि नकाशा डाउनलोड केलेला नसेल तर रेंज गेल्यावर पडदा कोरा राहतो, हे खरं. मग निघण्यापूर्वी नकाशा उतरवून घ्या ना!

तिसरा, युनिटच्या मागे ॲल्युमिनियम फॉइल लावून सिग्नल वाढवायचा. धातूने लहरी अडतात. पुढे.

चौथा : "कंपनाने फोनचं जीपीएस जातं, बाईकवर फोन लावू नका." जातो तो कॅमेरा. ॲपलने सप्टेंबर २०२१मध्ये स्वतःच लिहून ठेवलंय, की मोठ्या ताकदीच्या मोटरसायकल इंजिनांची कंपनं हँडलवाटे आयफोनपर्यंत पोचली तर कॅमेऱ्याची स्थिरीकरणाची आणि फोकसची यंत्रणा बिघडू शकते. अशा गाड्यांवर फोन लावू नका, आणि स्कूटरवर लावलात तर निदान कंपन शोषणारा माउंट वापरा, असं कंपनीच म्हणते. म्हणजे "फोन लावू नका" हा सल्ला चुकून बरोबर निघाला. कारण मात्र खोटं.

पाचवा : "आयपीएक्स ७ युनिट बिनधास्त प्रेशरने धुवा." आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर खोल, शांत पाण्यात ३० मिनिटं. पाण्याच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते, तिचा आकडाही वेगळा. वॉशिंगला गाडी देताना युनिट काढून खिशात टाका. आणि युनिट ज्यात बसतं त्या स्टँडच्या पिना बघा. पावसाळ्यानंतर त्या हिरव्या पडतात आणि खड्ड्यात गाडी आपटली की युनिट बंद-चालू होत राहतं. जुना टूथब्रश घेऊन दोन मिनिटं घासलं तरी बऱ्याचदा भागतं. पण पाच उपायांत याचा उल्लेखच नाही!

भाचा शनिवारी पहाटे निघतोय. २ ॲम्पियरचे चार जादा फ्यूज त्याच्या सीटखाली टाकून दिलेत. ताईने अंगठा अजून काढलेला नाही.