क्लॉनमॅकनॉइज व्हायकिंगांनी संपवलं नाही

आयर्लंडमधल्या ख्रिस्ती मठांबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे आणि शॅनन नदीकाठचं क्लॉनमॅकनॉइज हे तिचं ठरलेलं उदाहरण. जगापासून दूर ग्रंथ लिहीत बसलेले मठवासी, मग व्हायकिंगांची, म्हणजे स्कँडिनेव्हियातून जहाजांनी येणाऱ्या लुटारूंची, धाड, गोल मनोऱ्यांत लपून जीव वाचवणं, आणि शेवटी जळून खाक झालेला मठ. फोटोखाली चार ओळींत मावते म्हणून ती पसरते. तिच्यातली धाड तेवढी खरी आहे. ८४२ आणि ८४५ मध्ये व्हायकिंगांनी हा मठ लुटला-जाळला आणि पुढेही ते आले. बाकीचं तपासून पाहू.

आधी तो एकांत. संत कीरान यांनी सहाव्या शतकाच्या मध्यात निवडलेली ही जागा देशाच्या ऐन मध्यावर आहे. हिमयुगात साचलेल्या वाळू-खडीच्या उंचवट्यावरून जाणारा पूर्व-पश्चिम हमरस्ता दलदलीतून वाट काढत इथेच शॅननला भिडायचा. अशा मोक्याच्या नाक्यावर मठाभोवती कारागीर आले, वस्ती वाढली, राजांच्या देणग्या आल्या. आणि पैसा आला तिथे भांडणंही आली.

हा भाग त्या फिरत्या गोष्टीत कधीच नसतो. व्हायकिंग आयर्लंडच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा उतरल्याची नोंद ७९५ ची. त्याच्या ३१ वर्षं आधी, ७६४ मध्ये, क्लॉनमॅकनॉइज आणि डरो या दोन मठांच्या माणसांत चक्क लढाई झाली आणि डरोची २०० माणसं मारली गेली. ८३३ मध्ये दक्षिण आयर्लंडमधल्या मन्स्टरचा राजा फेडलिमिड याने क्लॉनमॅकनॉइजच्या लोकांची कत्तल केली आणि मठाची जमीन थेट चर्चच्या दारापर्यंत जाळत आणली. व्हायकिंगांच्या ८४२ च्या हल्ल्याला अजून ९ वर्षं होती. हा फेडलिमिड ख्रिस्तीच होता. त्याच्या मृत्यूची नोंद करताना इतिवृत्तकार त्याला उत्तम लेखनिक आणि तपस्वी म्हणतात! आयरिश इतिवृत्तांतल्या नोंदी मोजल्या तर या मठावर व्हायकिंगांपेक्षा आयरिश सत्ताधीशांनीच कितीतरी जास्त वेळा हल्ले केले.

मनोऱ्यांचं म्हणणं तर तारखांपुढे टिकतच नाही. क्लॉनमॅकनॉइजचा मोठा मनोरा पूर्ण झाला ११२४ मध्ये. व्हायकिंग धाडींचा काळ तेव्हा मागे पडला होता. ११३५ मध्ये वीज पडून त्याचा शेंडा उडाला. हे मनोरे घंटेसाठी होते. मौल्यवान वस्तू त्यांत ठेवत, प्रसंगी माणसंही आत शिरत, पण आसरा म्हणून ते भयंकर होते: आतले मजले लाकडी, त्यामुळे आग लागली की सगळा मनोरा धुराडं व्हायचा. आयर्लंडमधल्याच स्लेन इथला घंटामनोरा ९५० मध्ये डब्लिनच्या व्हायकिंगांनी जाळला, तेव्हा आतली माणसं आणि घंटा, सगळंच जळालं.

आणि ‘मठ संपला’ हे तर सर्वांत चुकीचं. तिथलं उत्तमोत्तम काम धाडींनंतरचं आहे. राजा फ्लान आणि मठाधिपती कोलमान यांनी ९०० च्या सुमारास उभारलेला, सुमारे ४ मीटर उंचीचा दगडी क्रूस बघा. सगळ्या बाजूंनी कोरीव चौकटी, बायबलमधले प्रसंग, आणि खाली या दोघांसाठी प्रार्थना करा अशी विनंती कोरलेली. मूळ क्रूस आता तिथल्याच संग्रहालयात आहे, बाहेर प्रतिकृती आहे. आयरिश भाषेतल्या कथांचं आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं हस्तलिखित, ‘तपकिरी गाईचा ग्रंथ’, याच मठाशी जोडलेलं आहे. त्याच्या लेखनिकांपैकी एक, मेल मुरे, ११०६ मध्ये इथल्या दगडी चर्चच्या आतच लुटारूंकडून मारला गेला. आयर्लंडचा शेवटचा महाराजा रोरी ओ’कॉनर याला ११९८ मध्ये पुरलं तेही इथेच.

मग मठ उजाड कुणी केला? बाराव्या शतकानंतर चर्चची घडी बदलली, नवे युरोपीय मठसंघ आले, जवळचं अथलोन शहर वाढलं आणि क्लॉनमॅकनॉइजचं महत्त्व हळूहळू ओसरलं. शेवटचा घाव १५५२ मध्ये बसला. अथलोनच्या इंग्रज सैनिकांनी घंटा, मूर्ती, ग्रंथ, रत्नं, एवढंच काय, खिडक्यांच्या काचाही काढून नेल्या.